चारी चाकांची ओढ : एका बदललेल्या जीपची दोन दिवसांची चाचणी



गेल्या अंकात आपण खोडव्यातील पाचट कसे ठेवावे ते पाहिले. या अंकाचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या रानातूनच निघालेला आहे. मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येक सभासदाने तो पावसाळ्याआधी वाचावा, अशी आमची विनंती आहे.

जुलै २०२१ मधील अतिवृष्टी आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्या पावसात आमच्या गटातील एका ज्येष्ठ सभासदांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. वस्ती डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, आणि पाणंदीत गुडघाभर चिखल. चिटबॉयचा फोन आला तसे आम्ही शेती खात्याची जीप घेऊन निघालो. गाडी चार चाकांच्या ओढीची, तेव्हा काळजी नाही, असे आम्ही समजलो. पाणंदीच्या तोंडाशी फोर-व्हीलची दांडी ओढली, तर दांडी जागची हलेना. दोन वर्षांत ती कोणी वापरलीच नव्हती; सांधे गंजून बसले होते. जीप पहिल्याच वळणावर बसली. ट्रॅक्टर मिळवून ट्रॉलीतून त्यांना रस्त्यावर आणेपर्यंत दोन तास गेले. जीव वाचला. परंतु डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणायला हवं होतं." त्यांचा उजवा हात आजही उचलत नाही. वार्षिक सभेत ते डावा हात वर करून ठराव मंजूर करतात, आणि आम्ही मान खाली घालतो.

त्यांच्या नातवाने मागच्या वर्षी एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. ऊसबिलाचे पैसे आणि वर थोडे कर्ज घालून तिच्यात फेरफार करवून घेतले. एकतीस इंची रुंद टायर, पाट्यांना लांब शॅकल लावून दोन इंच उंची, आणि पुढे लोखंडी बंपरवर तार ओढणारा विंच. नातू आमच्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, आता कुणाचा आज्जा वस्तीवर अडकायचा न्हाई. पावसाळ्यात गाडी तुमच्या ताब्यात. कुठंबी न्या."

मुलाचे मन मोठे. पण ज्या गाडीवर माणसाच्या जिवाचा भरवसा ठेवायचा, ती नुसती बघून कशी स्वीकारावी? उसाची नवी जात कोणी आणून दिली म्हणून आपण सगळ्या रानात लावत नाही. एक पट्टी नव्या जातीची, शेजारी एक पट्टी को ८६०३२ ची, खत-पाणी सारखे, आणि मग तुलना. तोच नियम आम्ही जीपला लावायचे ठरवले. नातवाने मूळ चाके जपून ठेवली होती, त्यामुळे तुलना सोपी झाली.

चाचणीची तयारी

मे महिन्याच्या अखेरचे शनिवार-रविवार आम्ही वस्तीवरच मुक्काम टाकला. सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढायची नाही आणि वनखात्याच्या हद्दीत वा गायरानात शिरायचे नाही, हे आधीच ठरले. कुटुंबाचे स्वतःचे रान, वरचा मुरमाड माळ आणि दोहोंना जोडणारा त्यांचाच रस्ता, एवढ्यावर सर्व प्रकार मिळत होते. खोडवा मोडून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात शुक्रवारी रात्रभर पाट सोडून ठेवला.

सामान म्हणाल तर मोजपट्टी, हवेचे मीटर, हवा भरायचा पंप, खुंट्या, फावडे, दोर आणि वही. गाडीत चालक धरून पाच माणसे, शिवाय मातीने भरलेली दोन पोती. रिकामी गाडी कुठेही चढते. रोगी आणि नातेवाईक घेऊन चढते का, हा प्रश्न आहे. फक्त उताराच्या आणि आडव्या उताराच्या चाचणीला माणसे उतरवून त्यांच्या वजनाची पोती भरली. पोत्यांना काही झाले तर चालते.

आधी थोडे यंत्राविषयी

अशा जीपच्या मुख्य गिअर बॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्या दांडीच्या तीन जागा ध्यानात ठेवाव्यात. पहिलीत फक्त मागची चाके ओढतात. ही डांबरी रस्त्यासाठी. दुसरीत चारी चाके ओढतात, वेग नेहमीचा, ही चिखल-वाळूसाठी. तिसरीत चारी चाके ओढतात आणि गती फार कमी होऊन ताकद वाढते. ही चढ, उतार आणि रुतलेल्या जागेसाठी. तुमच्या ट्रॅक्टरच्या 'लो' सारखेच समजा.

दुसरी आणि तिसरी जागा कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. पुढचा-मागचा दांडा एकमेकांना जखडलेला असल्याने हा फरक कुठेतरी निघावा लागतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि फरक निघून जातो. डांबरावर घसरत नाही, मग सगळा पीळ यंत्रावर येतो.

आणि "फोर-व्हील म्हणजे चारी चाके नेहमी ओढणार" हा समज सोडावा. का, ते चराच्या चाचणीत कळेल.

पहिली चाचणी : ओले काळे रान

मूळ टायर, हवा २८ पौंड. फोर-व्हील लावून गाडी रानात घातली. तीस पावलांवर गोळा, म्हणजे डिफरेन्शियल, चिखलाला टेकला आणि चाके जागेवर फिरू लागली. फावड्याने चिखल काढून, दोर लावून बाहेर घेतली. मग टायरची हवा १८ पौंडांवर आणली आणि शेजारच्या न तुडवलेल्या पट्टीतून नेली. गाडी हळूहळू पण न थांबता पलीकडच्या बांधाला लागली.

आता एकतीस इंची टायर चढवले. हवा २८ पौंड. पन्नास पावलांवर नक्षी चिखलाने भरून टायर गुळगुळीत झाला आणि गाडी बसली. हवा १८ वर आणताच तीही पार झाली.

सभासदांनो, याचा अर्थ नीट घ्या. रुंद टायरने वीस पावले जास्त दिली. दहा पौंड हवा सोडल्याने पूर्ण रान दिले. टायरला हजारो रुपये पडले, हवेला काही पडले नाही.

याचे गणित सोपे आहे. एका चाकावर समजा ३७५ किलो भार आहे. २८ पौंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब. तेव्हा टायर जमिनीला साधारण १९० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा १८ पौंड केली की तोच टायर चपटा होऊन सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर टेकतो. भार तोच, पण दीडपट जागेवर वाटला जातो. जड ट्रॉलीच्या अरुंद टायरने रान का दबते, याचे उत्तरही यातच आहे.

मात्र कमी हवेवर वेगाने पळू नये. टायर तापतो, वळणावर रिमवरून निसटतो. पक्का रस्ता लागला की आधी पंप काढावा. पंप जवळ नसेल तर हवा सोडूच नये.

दुसरी चाचणी : चर

माळाच्या कडेला पाणी काढून द्यायचा दोन फुटी चर आहे. त्यावरून गाडी तिरकी घातली. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी आले आणि तीच दोन फिरू लागली. जमिनीवर टेकलेली दोन चाके स्वस्थ!

साध्या डिफरेन्शियलचा स्वभावच असा. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एका बाजूला चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. ट्रॅक्टर रुतला की आपण पायाने डिफरेन्शियल लॉक दाबतो, तो याचसाठी. या जीपला तो लॉक नाही. तिथे एकतीस इंची टायरही काही करू शकला नाही. शेवटी अधांतरी चाकाखाली दगड रचले, तेव्हा गाडी निघाली. ज्यांच्या गाडीला लॉक आहे त्यांनी तो सरळ रेषेत, सावकाश चालताना वापरावा. पक्क्या जमिनीवर वळताना लावू नये.

दगड रचायला खाली वाकलो, तेव्हा आम्हाला या दोन दिवसांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसली. लोंबलेल्या पुढच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला होता. शॅकल लांब करून गाडी दोन इंच वर उचलली, म्हणजे आस चेसिसपासून तेवढी खाली गेली. पण होज होता तोच ठेवला. आणखी इंचभर चाक लोंबते तर होज तुटला असता. नातू बाजूला वाकून बघत होता. "वर्कशॉपवाल्यानं हे सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाला. नंतर बराच वेळ बोलला नाही.

तिसरी चाचणी : चढ, उतार आणि आडवा उतार

तीन फुटाला एक फूट चढ असलेल्या मुरमावर दोन्ही टायर चढले. उतारावर मात्र फरक दिसला. तिसऱ्या जागेत, पहिल्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता गाडी खाली सोडली. मूळ टायरवर ती बैलगाडीच्या चालीने उतरली. मोठ्या टायरवर पळ काढू लागली आणि ब्रेक दाबावा लागला. चाक मोठे झाले की इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. म्हणजे सगळे गिअर आपोआप 'लांब' होतात. इंजिनाची ओढही कमी पडते आणि इंजिनाचा रोधही.

चढावर इंजिन बंद पडले तर गाडी वळवू नये. ब्रेक दाबून, रिव्हर्स घालून, सरळ रेषेत मागे यावे. आडवी झालेली गाडी उलटते.

आडव्या उतारावर आम्ही फार पुढे गेलोच नाही. पाच फुटाला एक फूट कलावर वरच्या बाजूचे मागचे चाक हलके झाल्याचे खाली उभ्या माणसाने सांगितले, आणि आम्ही थांबलो. गाडी वर उचलली म्हणजे तिचे वजन वर गेले, चाकांमधले अंतर मात्र जवळपास तेवढेच. उंच गंजी वाऱ्याने लवकर कलते, तोच हा न्याय.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. गाडी दिसते साडेतीन इंच उंच, पण जमिनीपासून गोळ्याची उंची वाढली जेमतेम दीड इंच. शॅकल फक्त वरचा सांगाडा उचलतात. गोळा चाकांच्या मध्यावर असतो, तो टायरनेच वर जातो. चिखलाला टेकतो गोळा, सांगाडा नव्हे.

चौथी चाचणी : ब्रेक

ही चाचणी गाडी फिरवणारे कोणी करीत नाहीत, आणि तीच पहिली करायला हवी. मुरमाच्या सरळ, सपाट रस्त्यावर खुंटी ठोकली. मीटरवर ४० चा वेग ठेवून खुंटीपाशी ब्रेक दाबायचा आणि थांबल्यावर अंतर मोजायचे. दोन्ही टायरवर तीन-तीन वेळा केले.

मूळ टायरवर सरासरी ४२ फूट. मोठ्या टायरवर ५७ फूट.

पंधरा फुटांचा फरक. खुंटीपुढे बेचाळीस फुटांवर एक पोरगं उभं आहे असे समजा. पहिली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. दुसरी थांबत नाही.

कारणे दोन. मूळ टायरचा व्यास पावणेअठ्ठावीस इंच, नव्याचा एकतीस, म्हणजे सुमारे १२ टक्के जास्त. वेगाच्या मीटरला हे माहीत नसते. ते ४० दाखवते तेव्हा गाडी खरी ४५ च्या आसपास धावते. वेग १२ टक्के वाढला की थांबवायची शक्ती सुमारे २५ टक्के जास्त लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. दुसरे, चाक मोठे म्हणजे तरफ लांब. तेच ब्रेक आता तेवढ्या जोराने चाक धरू शकत नाहीत. टायर बदलले, ब्रेक तेच राहिले. या गाडीत फसवणूक कोणती असेल तर हीच.

पाणी आणि विंच

वाहत्या पाण्याची चाचणी आम्ही घेतली नाही आणि कोणी घेऊही नये. पुलावरून किंवा ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असो, थांबावे. पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि खालून उचलते; शिवाय खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, ते गढूळ पाण्यात दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला राष्ट्रीय महामार्ग पाण्यामुळे कित्येक दिवस बंद होता, मोठमोठे ट्रक जागेवर थांबले होते. तिथे आपल्या जीपची काय कथा? साठलेल्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर गोळ्याचे तेल तपासावे. दुधासारखे झाले असेल तर लगेच बदलावे.

विंचची तार किंवा ओढायचा दोर ताणलेला असताना कोणी त्याच्या रेषेत उभे राहू नये. तारेवर मध्यभागी ओले पोते टाकावे, म्हणजे तुटलीच तर ती उसळत नाही. झाडाला तार थेट न गुंडाळता रुंद पट्टा लावावा, झाडाची सालही वाचते. बंपरला साखळी अडकवून ट्रॅक्टरने हिसका देणे ही आपल्याकडची नेहमीची सवय, ती सोडावी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. गाडीपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाईचे आदेश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच दिलेले आहेत. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, हे वेगळेच. चांगल्या हेतूने केलेला बदल कायद्याला वेगळा दिसत नाही.

निर्णय

रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही वही वाचून दाखवली. नातवाला वाईट वाटणार हे उघड होते. त्याने वर्षभराची कमाई घातली होती, आणि तीही मिरवण्यासाठी नव्हे. आजोबा सगळे ऐकत होते. शेवटी त्यांनी डाव्या हाताने वही मागून घेतली, ब्रेकचे दोन आकडे पुन्हा वाचले आणि नातवाला म्हणाले, "गाडी चांगलीच हाय. पर मला न्यायची आसंल तर बेचाळीसवाली आण."

त्या रात्री कोणी काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा जीपला मूळ चाके होती, मूळ शॅकल बसवून होजही नवे टाकले होते. विंच आणि बंपर उतरवले होते. एकतीस इंची चाके गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांचे गिऱ्हाईक अजून मिळालेले नाही. ब्रेक पुन्हा मोजला आणि मगच गाडी गटाच्या पावसाळी यादीत घेतली. आमच्या खात्याच्या जीपचीही हीच चाचणी झाली, हे सांगायला हवे. दुसऱ्याची गाडी तपासताना आपली दांडी विसरून चालणार नाही.

सभासदांनी पावसाळ्यापूर्वी काय करावे

१. फोर-व्हील गाडी असेल तर पंधरवड्यातून एकदा मऊ रानात दांडी लावून थोडे अंतर चालवावी. पुढच्या चाकांना हाताने लावायचे हब असतील तर तेही फिरवून पाहावेत.

२. गाडीत हवेचे मीटर, पंप, फावडे, चांगला दोर आणि दोन फळ्या ठेवाव्यात. टायर बदलण्यापूर्वी हवा सोडून पाहावी.

३. एक बदल केला की तो आणखी कशाकशाला भिडतो ते विचारावे : ब्रेक, होज, स्टेअरिंग, गिअर, वेगाचे मीटर, तोल. मेकॅनिकच्या शब्दावर न थांबता स्वतः खाली वाकून बघावे.

४. चाचणी भार घालून, स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या रानात, दोन माणसे खाली उभी ठेवून करावी. आकडे वहीत लिहावेत.

५. रोगी असेल तर आधी १०८ ला फोन करावा. आपल्या गाडीचे काम त्याला पक्क्या रस्त्यापर्यंत सुखरूप आणण्याचे आहे. पुढचे काम रुग्णवाहिकेचे.

६. ज्यांची पाणंद पावसात बंद होते, त्यांनी वस्तीचे नाव, पक्क्या रस्त्यापासूनचे अंतर आणि जवळचा ट्रॅक्टर किंवा फोर-व्हील गाडी कोणाची, ही माहिती जूनअखेर गट ऑफिसात चिटबॉयकडे लिहून द्यावी. अशी यादी २०२१ मध्ये आमच्या खिशात असती तर ट्रॅक्टर शोधण्यात वेळ गेला नसता.

पुढील अंकात आडसाली लागणीसाठी बेणे निवड आणि बेणेप्रक्रिया.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती खाते